जालना, कुंभेफळ की सातारा परिसर?

(लातूरच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांना शेंद्रा औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाली असून हाती बेचाळीस हजार रुपये पगार येणार आहे आणि पाळी दर आठवड्याला बदलणार आहे. पत्नी औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकाधारक आहेत. धाकटे मूल दीड वर्षाचे असल्याने त्या सध्या घरी आहेत. थोरली मुलगी पाच वर्षांची आहे आणि गुडघेदुखी असलेली आई सोबत राहणार आहे. साठवलेली रक्कम आठ लाख. त्यांच्यासमोर तीन पर्याय आहेत : जालन्यात स्वस्त घर घेऊन रोज अपडाऊन करणे, शेंद्र्याजवळ कुंभेफळ येथे बत्तीस लाखांचे बांधकाम चालू असलेले रो-हाउस घेणे, किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सातारा-देवळाई परिसरात तेवढ्याच किमतीचा तयार फ्लॅट घेणे. रो-हाउससाठी त्यांनी एक्कावन्न हजारांचे टोकन दिलेले आहे. “पत्नी म्हणते थांबा, भाऊ म्हणतो भाव वाढतील. कोणाचे ऐकू?” असे ते विचारतात.)

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्नीचे ऐका. निदान एक उन्हाळा भाड्याच्या घरात काढावा आणि त्यानंतरच खरेदीचा विचार करावा, असे माझे मत आहे. मी वीसपेक्षा अधिक वर्षे बँकेच्या गृहकर्ज विभागात काढली आहेत. बाहेरगावाहून या शहरात बदलून आलेल्या आणि पहिल्याच महिन्यात घर घेऊन मोकळ्या झालेल्या कुटुंबांच्या फायली मी पाहिल्या आहेत, तशीच ती कुटुंबे तीन वर्षांनी तेच घर विकण्यासाठी कर्जाची बाकी विचारायला आलेलीही पाहिली आहेत.

प्रथम जालन्याविषयी. शेंद्रा हे संभाजीनगर आणि जालना यांना जोडणाऱ्या रस्त्यावर असल्यामुळे नकाशावर हा पर्याय सोयीचा दिसतो, पण शेंद्र्याहून संभाजीनगरची वस्ती जितकी जवळ आहे तितके जालना जवळ नाही. एका बाजूचे अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास धरले, तर महिन्याच्या सव्वीस दिवसांत दोन हजारांहून अधिक किलोमीटर होतात. मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर देते आणि पेट्रोलचा दर १०५ रुपये आहे असे मानले, तरी सुमारे साडेचार हजार रुपये इंधनातच जातात. पैशापेक्षाही मला दुसऱ्या पाळीची अधिक काळजी वाटते. मध्यरात्री सुटणाऱ्या माणसाने मालमोटारींच्या रांगेतून तासभर दुचाकी चालवत घरी जायचे आणि ते महिन्यातून आठवडाभर करायचे, हे पस्तिशीत जमते. परंतु घरी दीड वर्षाचे मूल जागे ठेवत असेल, तर तेही जमत नाही. समृद्धी महामार्गाचा उल्लेख आपण केला आहे, पण त्यावर दुचाकीला प्रवेशच नाही. वंदे भारतचा उल्लेख दलालाने केला असावा. जालन्याहून मुंबईला ती ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि ती चांगली गाडी आहे, परंतु पाळीच्या कामगारासाठी ती नाही. या मार्गावरील रेल्वे मुंबईच्या लोकलसारखी दर दहा मिनिटांनी येत नाही. पॅसेंजर गाडीच्या वेळेला आपल्या पाळीची वेळ जुळली तर तो योगायोग समजावा. जालन्यातील स्वस्ताईत पाणीही मोठेसे येत नाही. तिथेही भिस्त आहे ती जायकवाडीवर आणि घाणेवाडीच्या निजामकालीन तलावावर. जालन्यात आपले नातलग असते, आईंना सोबत मिळाली असती, तर मी वेगळा विचार केला असता. पत्रात तसे काही नाही, म्हणून हा पर्याय येथेच सोडावा.

आता पाण्याकडे वळते, कारण या भागात घराची खरी किंमत तिथे ठरते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेले शहर आपण पाहिले आहे, त्यामुळे लातूरकराला पाण्याचे मोल सांगण्याची गरज नाही. तरीही एक गोष्ट सांगते. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, जेमतेम पन्नास किलोमीटरवर असूनही संभाजीनगरात नळाला पाणी रोज येत नाही. अनेक वसाहतींत ते काही दिवसांच्या अंतराने येते आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी घरातले कोणीतरी कामावर जात नाही. मोठी नवी पाणीपुरवठा योजना हाती घेतलेली आहे. ती आपल्या गल्लीत कधी पोहोचेल, यावर घराचा निर्णय सोपवू नये.

आपले कुटुंब पाच जणांचे आहे. शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी रोज १३५ लिटरचा जो मापदंड मानला जातो, त्याप्रमाणे आपल्याला दिवसाला ६७५ लिटर आणि आठवड्याला ४,७२५ लिटर पाणी लागेल. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी म्हणजे दीड दिवस. सहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि साडेपाच फूट खोल हौदात साधारण ४,६७० लिटर मावतात. म्हणून घर पाहायला जाताना मोजपट्टी न्यावी आणि दिवाणखाना मोजण्याआधी हौदाचे झाकण उघडून पाहावे. आपण पाहिलेल्या सातारा परिसरातील फ्लॅटच्या इमारतीत किती बिऱ्हाडे आहेत, त्यांच्यात एक हौद आहे की दोन, आणि बोअर किती आहेत, हे पत्रात नाही. तेच आधी विचारायला हवे होते.

सातारा-देवळाई हा परिसर २०१५ साली महापालिकेत आला. त्याआधी तिथे इमारती उभ्या राहिल्या होत्या, जलवाहिन्या नव्हत्या, आणि वर्षानुवर्षे लोक बोअर आणि टँकर यांवर राहिले. हवा चांगली, खंडोबाचे मंदिर जवळ, डोंगर समोर. राहायला मला स्वतःला तो भाग आवडतो. पण काळ्या बसाल्टच्या दगडात पाणी केवळ भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात साठते, त्यामुळे एका इमारतीचे बोअर मे महिन्यातही चालते आणि पलीकडच्या कुंपणातले फेब्रुवारीतच हवा सोडू लागते. विक्रेता आपल्याला श्रावणात बोअरचे पाणी दाखवील. ते कोणीही दाखवू शकतो. आपण इमारतीच्या फाटकाजवळचे पेव्हर ब्लॉक पाहा. दोन समांतर पट्ट्यांत ते खचले असतील, तर तिथे भरलेला टँकर वारंवार येत असतो. मग पहारेकऱ्याला विचारा, टँकरची वही कोण ठेवते. बहुतेक इमारतींत अशी वही असते आणि तीत तारीखवार नोंदी असतात. पहिला टँकर कोणत्या महिन्यात आला एवढेच पाहिले, तरी त्या इमारतीचे सारे चरित्र कळते. स्वयंपाकघरातील नळाच्या तोंडाशी क्षारांचा पांढरा थर किती जाड आहे, हेही पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट म्हणजे सातारा परिसरातून शेंद्र्याला जाण्यासाठी बीड बायपासने झाल्टा फाट्यापर्यंत जाऊन जालना रस्ता गाठावा लागतो. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर होते. बायपास रुंद झाला आहे, उड्डाणपूल झाले आहेत, पण अवजड वाहने कमी झालेली नाहीत. ज्यांची नोकरी वाळूजला किंवा पैठण रस्त्याला आहे त्यांना सातारा परिसर घेण्यात अर्थ आहे. आपल्याला रोज शहराच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला जावे लागेल. हे शहर पूर्व-पश्चिम पसरलेले आहे. शेंद्रा पूर्वेला, वाळूज पश्चिमेला. येथे भाव कमी आहे म्हणून चुकीच्या दिशेला घर घेणारे लोक पुढे दहा वर्षे भावाचा तो फरक रस्त्यावर फेडत राहतात.

कुंभेफळ दिशेने बरोबर आहे, कामाच्या अगदी जवळ आहे, आणि म्हणूनच त्याचा मोह पडणे मी समजू शकते. दहा मिनिटांत कंपनीच्या फाटकाशी. पण या घराचा दिवस कोणाचा जाणार आहे, हे पाहा. आपण आठ तास कंपनीत असाल. पत्नी, आई आणि दोन मुले चोवीस तास त्या वसाहतीत असतील. औषधनिर्माणशास्त्राची पदविका असलेल्या आपल्या पत्नीला काम मिळेल ते गारखेडा, सिडको, सेव्हन हिल, घाटी (सरकारी रुग्णालय) या पट्ट्यात, जिथे रुग्णालये आणि औषधांची दुकाने दाटीने आहेत. धाकटे मूल तीन वर्षांचे झाल्यावर त्यांना नोकरी करायची असेल, तर कुंभेफळहून तिथे जाणे-येणे दोन-अडीच तासांचे होईल, आणि मग त्या नोकरी करणार नाहीत; कोणी नको म्हटले म्हणून नव्हे, बसची वेळ जुळली नाही म्हणून. कुटुंबातील दुसरा पगार असा गुपचूप बुडतो आणि घर ‘स्वस्त’ पडल्याच्या हिशेबात तो कोणीही मांडत नाही. आपण तीन पर्यायांची तुलना करताना आपल्या प्रवासाचे रकाने काढले आहेत. पत्नीच्या प्रवासाचा एकही रकाना नाही. आईंना रात्री श्वास लागला तर कोणते वाहन मिळेल, हाही रकाना नाही.

मुलीच्या शाळेविषयी आपण विचारले आहे. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत एक दिवस सकाळी दहा वाजता जाऊन बसा. शिक्षक किती, वर्ग किती, हे तासाभरात कळते आणि काही शाळा खरोखरच चांगल्या आहेत. खासगी शाळेत शिक्षण हक्क कायद्याखालील पंचवीस टक्के जागांसाठी अर्ज करायचा असेल, तर घरापासून शाळेचे अंतर मोजले जाते आणि एक किलोमीटरच्या आतील मुलांना प्राधान्य मिळते. भाड्याच्या घरातून अर्ज करताना भाडेकरार नोंदणीकृत असावा लागतो, नोटरी चालत नाही. अकरा महिन्यांचा करार असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवणे कायद्यानेच बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. “आमच्याकडे तशी पद्धत नाही” असे म्हणणारा घरमालक भेटेल; नम्रपणे दुसरे घर पाहावे.

आता कागदांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण शहराच्या कडेने घर घेणारा फसतो तो बहुधा येथेच, आणि मीही फसले आहे. १९९८ साली आम्ही नवरा-बायकोने पैठण रस्त्यालगत वीस बाय तीसचा एक तुकडा शंभर रुपयांच्या बाँडवर घेतला. मी तेव्हा बँकेत होते, दिवसभर दुसऱ्यांची खरेदीखते तपासत होते, आणि तरीही ओळखीचा माणूस आहे म्हणून साक्षीदारांच्या दोन सह्यांवर समाधान मानले. दसऱ्याच्या सकाळी नारळ, कुदळ आणि पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो, तर आमच्या तुकड्यावर ताज्या चुन्याची फक्की मारलेली. दोन खोल्या, मोरी, अगदी तुळशीवृंदावनाची जागासुद्धा आखलेली होती. शेजारी एक कुटुंब आमच्यासारखाच नारळ घेऊन उभे होते आणि त्यांच्याकडेही त्याच विक्रेत्याचा बाँड होता, आमच्यापेक्षा चार महिने जुना. भांडण कोणाशी करायचे तेच कळेना. शेवटी त्यांच्या नारळाचे खोबरे आम्ही खाल्ले आणि घरी आलो. पैसे आले नाहीत.

तेव्हापासून मी एक कसोटी सांगते : ज्या घरावर राष्ट्रीयीकृत बँक कर्ज देत नाही, ते घर आपणही घेऊ नये. दलाल म्हणेल की बँकेच्या कटकटी नकोत, आमची पतसंस्था कर्ज देते. ती कटकट म्हणजेच आपले संरक्षण आहे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ पुढे केला जाईल. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. सातबारा, अकृषिक आदेश (शेतजमीन बांधकामासाठी वापरण्याची परवानगी), मंजूर रेखांकन आणि बांधकाम परवाना ही चार कागदे हातात घेऊन त्यांवरील गट क्रमांक एकमेकांशी जुळतो का ते पाहावे, आणि वकिलाकडून त्या जागेच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध, म्हणजे सर्च रिपोर्ट, घ्यावा. गुंठेवारीचे, म्हणजे जमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जागेवरचे, घर असल्यास २००१ च्या कायद्याखालील नियमितीकरणाचे प्रमाणपत्र मागावे. २०२१ च्या दुरुस्तीने त्या कायद्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीपुरती वाढवली, त्यानंतर पाडलेल्या तुकड्यांना तिचा आधार नाही.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, जी पुण्या-मुंबईकडचे सल्लागार सहसा सांगत नाहीत. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या काळच्या मदतमाश, खिदमतमाश अशा इनाम जमिनी आजही शहरांच्या भोवती पसरलेल्या आहेत. अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ असे लिहिलेले असते, किंवा इतर हक्कांत देवस्थानाची अथवा वक्फची नोंद असते. वर्ग-२ ची जमीन शासनाची परवानगी आणि नजराणा (शासनाला भरायची रक्कम) यांशिवाय विकता येत नाही. देवस्थानाची किंवा वक्फची असेल, तर त्या वाटेलाच जाऊ नये. ही एक ओळ सातबाऱ्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते. जुन्या नोंदी उर्दूत असतील, तर त्यांचे प्रमाणित भाषांतर करून घ्यावे.

पैशांचा हिशेब थोडक्यात सांगते. पंचवीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे २१,७०० रुपये येतो, म्हणजे आपल्या पगाराच्या अर्ध्याहून अधिक. आठ लाखांपैकी मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, पंखे-ग्रिल आणि सामानाचा ट्रक यांतच तीनेक लाख जातील. उरलेल्या पाचात बत्तीस लाखांचे घर बसवले, तर कर्ज सत्तावीस लाखांवर जाते आणि हाती काही राहत नाही. दोन लहान मुले आणि वृद्ध आई असलेल्या घरात हाती काही नसणे मला मान्य नाही. पुढे खरेदी कराल तेव्हा केवळ पत्नीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे लक्षात असू द्यावे. पूर्णत्वाचे प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असलेल्या, पंचेचाळीस लाखांच्या आतील परवडणाऱ्या घरावर तो एक टक्का लागतो. आपल्या रो-हाउसच्या कोटेशनमध्ये पाच टक्के लावला आहे, तो का, हे विचारावे.

मग राहावे कुठे? मुकुंदवाडी, चिकलठाणा आणि सिडकोचा त्यांना लागून असलेला भाग या पट्ट्यात भाड्याचे घर पाहावे. जालना रस्त्यावर असल्यामुळे शेंद्रा दहा-पंधरा किलोमीटरवर येते, कंपन्यांच्या बस याच रस्त्याने जातात, शहर बस आणि शेअर रिक्षा मिळतात, आणि पत्नीला पुढे नोकरी करायची झाल्यास रुग्णालयांचा पट्टा त्याच रस्त्यावर पुढे आहे. सिडकोतील जुन्या रो-हाउसचे वरचे मजले भाड्याने मिळतात, पण त्यांचे जिने अरुंद आणि उभे असतात. आईंच्या गुडघ्यांसाठी तळमजलाच पाहावा, भाडे हजार-पाचशे अधिक पडले तरी चालेल. आपल्याला नऊ हजार भाडे ‘पाण्यात गेल्यासारखे’ वाटते. हप्त्याच्या पहिल्या वर्षातील बहुतांश रक्कम व्याजात जाते, तेही कुठे परत येत नाही. भाव वाढतील या भावाच्या म्हणण्यात तथ्य असू शकते. वर्षभरात घर दोन लाखांनी महागले, तरी चुकीचे घर विकताना जाणाऱ्या रकमेहून ते कमीच असेल.

त्या वर्षात सुटीच्या दिवशी कुंभेफळ, करमाड, झाल्टा फाटा, सुंदरवाडी हा भाग हिंडून पाहावा, शक्यतो मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि शक्यतो पत्नीसोबत. रात्री साडेबारालाही एकदा जावे, दिवे कुठवर आहेत ते कळते.

राहिला टोकनचा प्रश्न. पावतीवर केवळ ‘रो-हाउस बुकिंगपोटी’ असे लिहिले असून गट क्रमांक, घर क्रमांक आणि एकूण किंमत नाही, असे आपण कळवले आहे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील आणि आठपेक्षा अधिक घरांच्या प्रकल्पाला महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. आपल्याकडे दुसरा हप्ता म्हणून चार लाख मागितले आहेत. एक्कावन्न हजारांसह ते दहा टक्क्यांच्या वर जातात, तेव्हा ते देऊ नयेत. या आठवड्यात विकासकाला पत्र लिहून महारेरा नोंदणी क्रमांक, अकृषिक आदेशाची प्रत आणि बांधकाम परवाना मागावा, आणि ती पंधरा दिवसांत न मिळाल्यास बुकिंग रद्द समजून रक्कम परत करावी असे त्याच पत्रात नमूद करावे. पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवावे. तोंडी बोलणे, फोन आणि व्हॉट्सॲपवरचा अंगठा यांवर थांबू नये. त्याने नोंदणी क्रमांक दिला, तर संकेतस्थळावर प्रकल्पाचा सातबारा चढवलेला असतो. तो उघडून आधी वर्गाची ओळ वाचा, आणि मला कळवा.